वैभवाखाली दबलेली शोककथा

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘ए फेअरवेल टु आर्म्स’ ही १९२९ सालची कादंबरी डेव्हिड सेल्झनिकने १९५७ मध्ये पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा गुणांची वा साधनांची वाण नव्हती. पटकथा बेन हेक्टची, नायक रॉक हडसन, नायिका जेनिफर जोन्स (ती निर्मात्याची पत्नीही होती, हे विसरून चालत नाही). दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन मात्र सेल्झनिकशी मतभेद होऊन आरंभीच निघून गेला आणि ते काम चार्ल्स व्हिडॉरकडे आले.

मूळ कादंबरीतील प्रीतीला अर्थ येतो तो १९१७ च्या कापोरेत्तो येथील माघारीमुळे. आपल्याच सैन्याचे शिपाई माघारी येणाऱ्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालतात, तेथे नायकाचा युद्धाशी असलेला संबंध तुटतो. उरते ती केवळ प्रेयसी. चित्रपटातील माघार डोळे दिपविते, पण प्रेमकथेच्या अंतरंगात शिरत नाही. युद्ध एकीकडे, प्रणय दुसरीकडे. फ्रँक बोर्झेगीचा १९३२ चा बोलपट दीड तासात जे सांगतो, त्याला येथे अडीच तास अपुरे पडतात. युद्धाची झळ खरी जाणवते ती रिनाल्डी झालेल्या व्हित्तोरिओ दे सिकाच्या चेहऱ्यावर. ऑस्करचे एकमेव नामांकनही त्यालाच मिळाले. सेल्झनिकने यानंतर चित्रपट काढला नाही.