गोधडीचा पहिला टाका कुठून?

मागच्या पावसाळ्यात मी क्विल्ट शिवायला शिकलो. शिकवणारी बाई अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, मी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि मधे तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. चुकलं की दहा सेकंद मागे जायचं, पुन्हा बघायचं. दोन महिन्यांत एक लहान क्विल्ट झालं. दिवाळीला गावी ते आजीला दाखवलं. तिनं आधी ते उलटं केलं, मागची बाजू निरखली आणि विचारलं, "मधनं का रं सुरू केलंस?"

मधून, कारण व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. अमेरिकन पद्धतीत वरचा तुकड्यातुकड्यांचा थर आधी पूर्ण जोडून घेतात. त्याखाली कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्याखाली अस्तर. मग मध्यापासून टाके घालत बाहेर जायचं, म्हणजे सुरकुत्या कडेकडे सरकत जातात. आजी नेमकं उलटं करते. जुनं लुगडं अंथरायचं, आत विरलेली धोतरं आणि साड्यांचे तुकडे पसरायचे, कडा आत दुमडायच्या आणि कडेनं धावदोरा घालत, गोल फिरत मध्याकडे यायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, त्याही कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं आत येतात.

आजीच्या पद्धतीला कारण आहे. गोधडीतलं कापड जुनं असतं आणि प्रत्येक तुकड्याची लांबी वेगळी. विरलेल्या कडा आधी बंद केल्या की आतलं सामान जागेवर राहतं. हातात येईल तो तुकडा शिवता शिवता बसवता येतो, सगळं आधी मापून कापावं लागत नाही. आणि चार बाजूंना चार बायका एकाच वेळी बसू शकतात.

वीसेक वर्षं मी याच गोधडीखाली झोपलो आणि शिकलो मात्र मिसुरीची पद्धत. हे कसं झालं, ते शोधत गेलो तेव्हा एक इतिहास हाती लागला.

अमेरिकेतही क्विल्ट आधी आईकडून, शेजारणीकडून शिकलं जायचं. मोठ्या चौकटीवर कापड ताणून बायका भोवती बसायच्या. मग छापील कागद आला. फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकानं 1835 मध्ये षटकोनी तुकड्यांचा नमुना छापला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सेंट लुइसची 'लेडीज आर्ट कंपनी' टपालानं नमुने विकू लागली. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्रानं 1928 ते 1961 या काळात हजाराहून जास्त नमुने छापले. दूरच्या शेतावर राहणारी बाई ते कात्रण कापून ठेवायची. आपण व्हिडिओ सेव्ह करतो, तसंच.

1970 च्या दशकाच्या शेवटी टीव्ही आला. नॉर्थ कॅरोलायनाच्या जॉर्जिया बोनस्टील यांनी सार्वजनिक वाहिनीवर मांडीवर घेऊन क्विल्ट शिवायला शिकवलं: एकेक भाग वेगळा शिवायचा, शेवटी जोडायचे. घरभर पसरणारी चौकट गेली, तशी तिच्याभोवती बसणाऱ्या बायकांची गरजही गेली. त्याच सुमारास, 1979 मध्ये, जपानच्या ओल्फा कंपनीनं फिरत्या गोल पात्याचा कटर आणला. कात्रीनं एकेक तुकडा कापण्याऐवजी चार-सहा थर एकदम कापता येऊ लागले.

यूट्यूब 2005 मध्ये सुरू झालं. मिसुरीतलं हॅमिल्टन हे दोन हजारांपेक्षा कमी वस्तीचं गाव. तिथल्या जेनी डोन यांच्या मुलांनी 2008 च्या मंदीत आईला उत्पन्न मिळावं म्हणून क्विल्टिंगचं मोठं मशीन घेऊन दिलं. धंदा वाढावा म्हणून मुलानं सुचवलं, की शिकवण्याचे व्हिडिओ कर. जेनीबाई हसत, चुकत शिकवत गेल्या आणि लाखो लोक बघू लागले. त्यातून उभी राहिलेली 'मिसुरी स्टार क्विल्ट कंपनी' आज त्या गावाचा मोठा आधार आहे.

व्हिडिओ फुकट असतो. विकलं जातं ते कापड. 10 इंची चौकोन, अडीच इंची पट्ट्या, आधीच कापून गठ्ठ्यात बांधलेल्या. त्यामुळे नमुनेही त्या मापात बसणारे निघतात. यात फसवणूक काही नाही. मासिकानं अंक विकले, कंपनीनं नमुने विकले, वृत्तपत्रानं पेपर विकला. प्रत्येक माध्यमानं तेच जास्त शिकवलं, ज्याच्यासोबत काहीतरी विकता येतं. आजीच्या गोधडीला लागतं जुनं लुगडं, सुई आणि दोरा. तिचा वर्ग घेऊन कुणाचं काय विकलं जाणार?

अमेरिकेतही अशी गोधडी आहे. अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांचे क्विल्ट शिवत. त्या आया-आज्यांकडून शिकल्या आणि नमुना मनानंच बदलत गेल्या. 2002 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही गेलं. तोवर ती कला टिकली, कारण घरात एक शिवायची आणि दुसरी बघायची.

ऑनलाइन वर्ग तेवढे टिकाऊ असतातच असं नाही. 2011 मध्ये सुरू झालेलं 'क्राफ्ट्सी' हे शिकवणीचं मोठं संकेतस्थळ एनबीसीयुनिव्हर्सलनं विकत घेतलं, नाव बदलून 'ब्लूप्रिंट' केलं आणि 2020 मध्ये बंद करायचं ठरवलं. पैसे भरून घेतलेल्या वर्गांचं काय होणार, या काळजीत लोक होते. पुढे दुसऱ्या कंपनीनं ते घेऊन जुन्या नावानं पुन्हा चालू केलं, म्हणून वर्ग वाचले. सर्व्हर कुणाचा, यावर विद्या राहणार की जाणार हे ठरत होतं.

आजीच्या बाबतीत सर्व्हर म्हणजे तिचे डोळे, आणि त्यांना मोतीबिंदू झालाय. म्हणून त्या दिवाळीत मी तांब्याला टेकवलेला मोबाइल तिच्याकडे वळवला. पहिला व्हिडिओ निरुपयोगी निघाला. ती शिवताना बोलतच नाही. "काय करतेस ते सांग ना" म्हटलं, तर म्हणाली, "बघ की." किती दोरा घ्यायचा, दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, ती बोटानं मोजते आणि बोट कॅमेऱ्यात दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइल ठेवून दिला आणि समोरच्या कडेला सुई घेऊन बसलो. तिसऱ्या ओळीला तिनं माझ्या टाक्यांवरून हात फिरवला आणि अर्धी ओळ उसवायला लावली. दोरा फार ओढत होतो, कापड चुणत होतं. हे मला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नसतं, कारण व्हिडिओला माझं कापड दिसत नाही.

आम्ही अजून मध्यापर्यंत पोचलेलो नाही. होळीला चार दिवस सुट्टी टाकली आहे. सुईत दोरा आता मी ओवून देतो.