रोजनिशीत नसलेले नाव

पोप चर्चमधून बहुस्वरी गायन हद्दपार करायला निघाले होते. संगीतकार पालेस्त्रिनाने 'मिस्सा पापे मार्चेल्ली' (पोप मार्सेलस यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची संगीतरचना) ऐकवली आणि ते गायन वाचले, अशी कथा आहे. ज्यांनी बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या आहेत, त्यांना तिचा घाट ओळखीचा वाटेल. अगात्सारी हा संगीतकार ती 1607 मध्ये छापतो. पालेस्त्रिना 1594 लाच वारला होता.

जुने कागद पाहू. चर्चच्या सुधारणेसाठी भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेचा 17 सप्टेंबर 1562 चा ठराव ऑर्गनमधले आणि गाण्यातले छचोर, अशुद्ध तेवढे वगळायला सांगतो. बहुस्वरी गायनावर बंदी त्यात नाही. तक्रार मात्र खरी होती: चारसहा आवाज एकमेकांत गुंतले की प्रार्थनेचे शब्द कळेनासे होत.

10 मार्च 1565 ला कार्डिनल बोर्रोमेओ रोमहून मिलानमधल्या आपल्या प्रतिनिधीला लिहितात, की संगीतकार रूफ्फोच्या मिस्साची वाट पाहतो आहे. निकोलो विचेंतीनो तिथे असेल तर त्यालाही एक रचायला सांगा, चांगल्या रचना शेजारी ठेवल्या की शब्द कळणाऱ्या संगीताचा निवाडा सोपा जाईल. पालेस्त्रिनाचे नाव इथे नाही.

पोपच्या गायकवृंदाची रोजनिशी मुळात गैरहजेरी आणि दंड टिपण्यासाठी. म्हणूनच तिच्यावर माझा भरवसा अधिक. तिला कोणाला थोर ठरवायचे नव्हते. 28 एप्रिल 1565 ची नोंद: कार्डिनल वितेल्लींच्या घरी जमलो, काही मिस्सा गायलो, शब्द समजतात का याची परीक्षा झाली. कोणाच्या मिस्सा? निकाल काय? नोंद तिथेच संपते. रूफ्फोची त्यांत असावी, हा तर्क. पालेस्त्रिनाची होती, हाही तर्कच.

'मार्चेल्ली' 1567 मध्ये छापली गेली. तिच्या ग्लोरिया आणि क्रेदो या भागांत आवाज बहुतेक ठिकाणी एकेक अक्षर बरोबरीने उच्चारतात. शब्द कळावेत ही मागणी रचनाकाराच्या कानी गेली होती, असे यावरून वाटते. पण कधी?

इथे ट्रेंटच्या धर्मसभेचा सचिव मास्सारेल्ली याची दैनंदिनी कामाला येते. 12 एप्रिल 1555, गुड फ्रायडे. तीन दिवसांपूर्वी निवडून आलेले पोप मार्सेलस दुसरे गायकांना बोलावून बजावतात, की आजचे गाणे दिवसाला शोभेल असे हवे आणि शब्द ऐकू यायला, कळायला हवेत. पुढे तीन आठवड्यांच्या आत पोप वारले. पालेस्त्रिना त्याच वर्षी जानेवारीत या गायकवृंदात दाखल झाला होता आणि जुलैत, विवाहित म्हणून, काढला गेला. एप्रिलमध्ये तो नोकरीवर होता, एवढे पक्के. समोर उभ्या गायकांची नावे मास्सारेल्ली देत नाही.