वेरूळ बघायला कोण कोण आलं?

मागच्या भागाखाली एकाने लिहिलं होतं, "दादा, उन्हाळा आलाय, जरा हलकंफुलकं काहीतरी करा." म्हटलं ठीक आहे, आज सुट्टीवरच बोलू. उन्हाळ्याची सुट्टी, घरच्यांबरोबरची एक दिवसाची सहल आणि आपलं वेरूळ. पण इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे थोडा इतिहास सोसावा लागेल, बरं का.

वेरूळचं नाव घेतलं की आपण सगळे शाळेतलं पाठ म्हणून दाखवतो. चौतीस लेणी. त्यातली पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. सोळाव्या क्रमांकाचं कैलास, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक. 1983 साली जागतिक वारसा. हे सगळं बरोबर आहे. पण हा झाला कोरणाऱ्यांचा आणि कोरवून घेणाऱ्यांचा इतिहास. मला आज दुसरा प्रश्न विचारायचा आहे. इथे नुसतं बघायला कोण कोण आलं? आणि नुसतं बघायला येण्याची मुभा कोणाला होती?

सुरुवात देवांपासून करू. बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, इसवी सन 812 चा, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा. कैलास लेण्याचा हा फार जुना उल्लेख. त्यात काय म्हटलंय? तर विमानातून चाललेले देव एलापूरच्या डोंगरावरचं हे मंदिर बघून थक्क झाले, म्हणाले हे माणसाचं काम नव्हे. आणि ज्याने ते घडवलं तो कारागीरसुद्धा स्वतःच चकित झाला, की हे माझ्या हातून झालं कसं! म्हणजे बघा, कैलासाबद्दल लिहायला घेतलं आणि त्यात आधी आले ते बघे. रस्त्याने जाता जाता थांबलेले.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. फिरिश्ता नावाचा इतिहासकार, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा. तो सांगतो ती घटना त्याच्या तीनशे वर्षं आधीची, अलाउद्दीन खिलजीच्या काळातली. गुजरातच्या कर्ण वाघेल्याची मुलगी देवलदेवी, तिला लग्नासाठी देवगिरीला आणलं जात होतं. खिलजीचं सैन्य तिच्या मागावर होतं आणि ती काही सापडत नव्हती. दमलेल्या फौजेला दोन दिवस विश्रांती दिली. तेव्हा तीनशेएक शिपाई छावणीतून निघाले. कशासाठी? वेरूळची लेणी बघायला! आणि तिथेच, हिंडताना, त्यांची गाठ देवलदेवीला घेऊन चाललेल्या तुकडीशी पडली. चकमक झाली आणि राजकन्या पकडली गेली.

आता ही गोष्ट तंतोतंत अशीच घडली का, यावर इतिहासकारांचे वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. फिरिश्ताला आणि त्याच्या वाचकांना हे अगदी साहजिक वाटलं, की दोन दिवस मोकळे मिळालेले शिपाई वेरूळ बघायला जातील. म्हणजे त्याच्या काळी तरी वेरूळ ही सुट्टीत जायची जागा होती.

तिसरा साक्षीदार तर थेट मुघल दरबारातला. औरंगजेब 1682 साली दख्खनेत उतरला. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास, 'मासिर-ए-आलमगिरी', साकी मुस्तैद खानाने लिहिला. लढाया, नेमणुका, वेढे यांच्या मधेच वेरूळ येतं. तो म्हणतो, सगळ्या ऋतूंत, विशेषतः पावसाळ्यात, लोक इथे येतात, डोंगर आणि खालचं मैदान बागेसारखं होतं, धबधबा कोसळतो. फेरफटका मारायला ही फार सुंदर जागा आहे आणि प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लिहून काही कळायचं नाही. बादशहाच्या चरित्रकाराने चक्क सहलीची शिफारस करून ठेवली आहे.

पुढे साहेब आले. जेम्स वेल्सने काढलेल्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने 1803 मध्ये वेरूळच्या देखाव्यांचं पुस्तक काढलं. 1810 साली सीली नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी मुंबईहून आला आणि 1824 मध्ये त्याने वेरूळवर अख्खं पुस्तक छापलं. 1900 साली निजामाच्या राज्यातली मनमाड-हैदराबाद रेल्वे औरंगाबादवरून सुरू झाली आणि लांबचे पाहुणे वाढले.

देव, शिपाई, दरबारी, साहेब. सगळ्यांची नोंद आहे. आता मला सांगा, वेरूळच्या आजूबाजूच्या गावांतली माणसं कुठायत? ती तर हाकेच्या अंतरावर होती. ती आली नसतील?

आली ना. आणि त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत, पण लेण्यांना नावं ठेवली. ही यादी ऐका. दहावं लेणं, पंडितांसाठी चैत्यगृह, लोकांसाठी 'सुताराची झोपडी', कारण छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या आहेत. चोविसावं 'तेल्याची घाणी'. पंचविसावं 'कुंभारवाडा'. आणखी एक 'जनवासा', म्हणजे लग्नात वऱ्हाड उतरवतात ती जागा. एकोणतिसावं, धबधब्याच्या शेजारचं, 'सीतेची न्हाणी'. सुतार, तेली, कुंभार, वऱ्हाडाचा मुक्काम आणि बाईमाणसाची आंघोळीची जागा. लोकांनी त्या डोंगरात आपलं गाव वसवलं की नाही? इतकं घरगुती नाव एकदा ओझरतं बघून जाणारा माणूस ठेवत नाही. पुन्हा पुन्हा येणारा ठेवतो.

मग ही माणसं यायची कधी? इथे शेतीचं वर्ष समजून घ्यावं लागतं. रब्बी निघाली, खळं उरकलं, की मृगाच्या पावसापर्यंत मधे मोकळीक मिळते. नांगरट-वखरणी असतेच, पण रोजचा जीवघेणा रेटा नसतो. म्हणून लग्नं तेव्हाच, म्हणून चैत्रातल्या जत्रा तेव्हाच. अडचण एकच, पाणी नसतं. वेरूळचे पाटील मालोजीराजे भोसले, शिवरायांचे आजोबा, त्यांची आठवण सांगतात ती याच संदर्भातली. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत लोकांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून त्यांनी तिथे तळं बांधलं. वेरूळात घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनी केला. पुढे अठराव्या शतकात होळकरांच्या गौतमाबाई आणि अहिल्याबाई या दोघींनी मंदिराच्या कामाला हात घातला आणि गावातलं शिवालय तीर्थ, ते सुंदर पायऱ्यांचं कुंड, अहिल्याबाईंच्या नावावर आहे. उन्हाळ्यात चालत आलेल्या माणसासाठी खोल कुंडातल्या गार पायऱ्यांवर टेकणं म्हणजे काय सुख असेल, याचा अंदाज करा.

आता थोडं घरचं. माझं आजोळ खुलताबाद तालुक्यातलं, वेरूळपासून बैलगाडीच्या टप्प्यात. ऐंशीच्या दशकात आम्ही मुलं मे महिन्यात तिथे असायचो आणि सुट्टीत एकदा तरी वेरूळ ठरलेलं. पण "फिरायला जाऊ" हा शब्द आजीच्या तोंडी कधी आला नाही. ती म्हणायची, "देवाला जायचंय." एखाद्या नातवाचं जावळ, कुणाचा नवस, नाहीतर नुसताच सोमवार. कारण लागायचं. पुरुष माणूस बाजाराला, कोर्टाच्या तारखेला, तालुक्याला जाऊन यायचा, त्याला कोणी विचारत नसे. सुनेला उंबऱ्याबाहेर दिवसभर राहायचं तर देव मधे पाहिजे.

आणि देव तरी कसला निवडलेला! घृष्णेश्वराची कथा घुष्मा नावाच्या बाईची. रोज पार्थिव शिवलिंगं करायची, पुजायची आणि तळ्यात विसर्जन करायची. सवतीने तिचा मुलगा मारला, तरी हिची पूजा सुटली नाही, आणि त्याच तळ्याकाठी तिला मुलगा परत मिळाला. सासर, सवत, पोर, तळं. आजी ही कथा सांगायची ती गाडीत, सुनांच्या घोळक्यात, अगदी शेजारच्या घरात घडल्यासारखी.

गाडी पहाटे चांदण्यात निघायची, बैलांना ऊन लागू नये म्हणून. गाडीत कडबा, त्यावर गोधडी, बाजूला लटकलेली पाण्याची छागळ. फडक्यात दशम्या, धपाटे, ठेचा, कांदे. सकाळी कुंडावर हातपाय धुवायचे, दर्शन घ्यायचं आणि मग आजी सहज म्हणायची, "आलोच हाओत तर लेण्यायकडं जाऊन येऊ." हे "आलोच आहोत तर" म्हणजे खरा कार्यक्रम. त्यातही शहाणपण होतं. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर लेण्यांवर सावली असते आणि ऊन दुपारनंतर आत शिरतं. म्हणून आधी लेणी, मग झाडाखाली दशम्या, मग टरबूज, आणि परतताना रसवंतीवर थांबून ग्लासभर उसाचा रस. मामीला काकणं भरायची असायची. मामा म्हणायचा, "गावात मिळत न्हाईत का?" मिळायची. पण ती गावात.

एकविसावं लेणं, रामेश्वर, आजीच्या आवडीचं. तिथे शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत आणि खाली खोडकर गण नंदीच्या मागे लागलेत. दुपारच्या वेळी ओसरीवर सोंगट्या टाकणाऱ्या बायकांना हे शिल्प कोणी समजावून द्यावं लागत नव्हतं. देव-देवी निवांत बसलेत, काम नाही, घाई नाही. देवाने खेळलेलं चालतं, तर आपण अर्धा दिवस हिंडलेलं का चालू नये?

कैलासासमोर मात्र आजी गप्प व्हायची. मी एकदा पुस्तकी माहिती सांगितली, की दीड-दोन लाख टन दगड वरून खाली असा फोडून काढला असावा. ती म्हणाली, "बाहत्तरला आमाला खडी फोडाया लावली, तर हातं सोलले. ह्यांनी डोंगर सोलला."

1972 चा दुष्काळ. मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि हजारो बाया-माणसं दुष्काळी कामांवर गेली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. खायला सुकडी. त्या वर्षी आजोळातून कोणी "देवाला" गेलं नाही. बैलच नव्हते. आजीने जो दगड फोडला तो याच डोंगराच्या जातीचा, काळा बेसाल्ट. घण मारला की तो कसा ठिणगी टाकतो, कुठे चिरतो, कुठे नुसता हाताला झिणझिण्या आणतो, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे कैलास बघताना तिला राजाचं नाव सुचायचं नाही, हात सुचायचे. बडोद्याच्या ताम्रपटातला तो चकित कारागीर मला शिकताना भेटला, तेव्हा मला आधी आजी आठवली.

म्हणून मला हा भाग करायचा होता. सहल म्हणजे फुरसत असलेल्यांची चैन, असं आपण सहज धरून चालतो. पण वर्षातून एक दिवस मिळायचा, तोही देवाच्या नावावर मागून घ्यावा लागायचा, आणि दुष्काळ आला की पहिला तोच जायचा, त्या बायकांनी वेरूळ जितकं बारकाईने बघितलं तितकं कदाचित सीली साहेबानेही बघितलं नसेल. त्याला बघून लिहायचं होतं. यांना तो दिवस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा होता.

आज संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरचा चांगला रस्ता आहे, गाडीने तासाभरात पोचता. जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, लेणी बंद असतात. सकाळी लवकर जा, सावली मिळेल. पाणी बरोबर ठेवा. आणि कैलास बघून लगेच परत फिरू नका, कुंभारवाडा आणि जनवासाही चालत बघा.

आणि एक काम. घरात आजी, आत्या, मावशी, जी कोणी मोठी बाई असेल, तिला विचारा की लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा हिंडायला कुठे गेला होतात. बहुतेक उत्तर येईल, "कुठलं हिंडणं बाई, देवाला गेलो होतो." तिथे थांबू नका. विचारा, देवाला गेलात, मग दर्शन झाल्यावर काय काय केलं? ते रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटू मंडळी.