रंगमंचावरची राणी आणि शहरातल्या बायका

आपल्या संमेलनात झाशीच्या राणीचा प्रवेश बहुधा असतोच. एका वर्षी तो मीच बसविला होता. दत्तक मुलाला पाठीशी बांधून राणी किल्ल्याबाहेर पडली, टाळ्यांचा कडकडाट झाला, पडदा पडला. आत येताच पाठीवरच्या चिमुरड्याने विचारले, "मावशी, आपण तर निघून आलो, मग गावातल्या बायका कुठे गेल्या?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' वाचले, तेव्हा उत्तर मिळाले. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज झाशीत शिरली, त्या वेळी भटजी तेथेच होते. राणी दुसऱ्या रात्री बाहेर पडली. मागे शहरात चाललेली कत्तल, लूट व जाळपोळ त्यांनी स्वतः भोगून लिहिली आहे. आणि तेवढेच सांगून थांबणेही बरे नव्हे. ८ जून १८५७ रोजी त्याच झाशीत शरण आलेल्या इंग्रजांना बायकामुलांसकट बंडवाल्यांनी कापून काढले होते.

सोहराब मोदी यांचा रंगीत बोलपट 'झाँसी की रानी' १९५३ साली आला, 'मणिकर्णिका' २०१९ साली. दोहोंचा जीव राणीतच आहे. त्यात नवल नाही. दोन-तीन तासांच्या खेळाला एक चेहरा लागतो. राणीचे शौर्यही खरेच. पण मुलांच्या मनात घोडा आणि तलवार तेवढी उरते. जळालेले घर उरत नाही.

आपल्या खानदेशाची गोष्ट तर याहून निराळी. झाशी पडून आठवडा होतो न होतो तोच, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात आंबापाणी येथे खाजा नाईक व भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. पुष्कळ पडले, धरलेल्यांपैकी कित्येकांना गोळ्या घातल्या, त्यांच्या बायका कैद झाल्या. तापीपलीकडची ही हकीकत. पण आपल्या रंगमंचावर तिचा प्रवेश मी एकदाही पाहिलेला नाही.

म्हणून एक सुचविते. यंदा राणी निघून गेल्यावर लगेच पडदा पाडू नये. दोघीतिघींनी रिकाम्या घागरी घेऊन पुढे यावे, एकीने झाशीचे सांगावे, एकीने आंबापाणीचे. टाळ्या कमी पडतील. पडोत. त्या चिमुरड्याला मी उत्तर देणे लागते.