सायप्रसमधले बत्तीस तास

इयागोच्या कपटाचं कौतुक आजवर भरपूर झालं आहे. पण ‘ऑथेल्लो’ घड्याळ समोर ठेवून वाचलं, की ते कपट किती तकलादू होतं ते दिसतं. घरातल्या एका बाईचा शब्द कोणी मानला असता, तर त्यातल्या कुठल्याही तासाला ते कोसळलं असतं. खालच्या काही वेळा नाटकातली पात्रंच सांगतात, बाकीच्या अदमासाने लावल्या आहेत.

व्हेनिस, काही दिवस आधी, रात्र

इयागो आणि डेस्डिमोनावर डोळा ठेवून असलेला रोडेरिगो तिच्या बापाच्या, ब्रॅबान्शियोच्या, दारात बोंब मारतात: मुलगी ऑथेल्लोबरोबर पळाली. भर राजसभेत डेस्डिमोना स्वतःच्या तोंडाने सांगते, की आईने जसं वडिलांपेक्षा नवऱ्याला मोठं मानलं, तसंच मी करते. आणि मलाही सायप्रसच्या मोहिमेवर जाऊ द्या. सभा तिचं ऐकते. बाईच्या साक्षीवर निर्णय होतो तो एवढ्या एकाच वेळी. जाता जाता बाप जावयाला बजावतो, की जिने बापाला फसवलं ती तुलाही फसवेल. इयागो तिथेच उभा आहे. हे वाक्य पुढे त्याच्या कामाला येणार आहे. आणि डेस्डिमोनाला सायप्रसला सुखरूप पोचवायची जबाबदारी ऑथेल्लो सोपवतो ती यालाच. सोबतीला इयागोची बायको, एमिलिया.

शनिवार, संध्याकाळी ५

वार शनिवारच कशावरून? दुसऱ्या दिवशी डेस्डिमोना नवऱ्याशी एका भेटीचा दिवस ठरवू लागते, तेव्हा ‘उद्या’नंतर थेट मंगळवार येतो, म्हणजे तो दिवस रविवारचा. तुर्की आरमाराची वादळात वाताहत झाली आहे, लढाई न लढताच विजय मिळाला आहे. पाचपासून अकराचा टोल पडेपर्यंत खा, प्या, नाचा, अशी दवंडी पिटली जाते.

रात्री १० च्या आत

अजून दहाही वाजले नाहीत, असं इयागो स्वतःच म्हणतो आणि पेले भरतो. ऑथेल्लोच्या नायबाला, कॅसियोला, दारू सोसत नाही. रोडेरिगो त्याला डिवचतो, तलवारी निघतात, बेटाचा आधीचा सुभेदार माँटानो जखमी होतो, घंटा वाजते. ऑथेल्लो बिछान्यातून उठून येतो आणि कॅसियोचं पद उभ्या उभ्या काढून घेतो. इयागो कॅसियोला सल्ला देतो: बाईसाहेबांकडे वशिला लाव.

संशयाने पछाडलेला पहिला नवरा ऑथेल्लो नव्हे, इयागो आहे. बढती कॅसियोला मिळाली ही त्याची एक जळजळ. दुसरी, ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही होतं अशी कुठेतरी ऐकलेली कुजबुज. खरं-खोटं त्याने कधी तपासलं नाही, आपल्याला एवढं पुरे म्हणाला. तोच रोग तो उद्या सकाळी दुसऱ्याला लावणार आहे.

रविवार, सकाळ

रात्रभर जागा असलेला कॅसियो डेस्डिमोनाला भेटतो, ऑथेल्लो येताना दिसताच शरमेने निघून जातो. इयागो पुटपुटतो, की हे मला आवडलं नाही. एवढंच. मग अर्धी वाक्यं, लांबलेले उसासे, ‘जाऊ द्या’चा सूर. व्हेनिसच्या बायका कशा असतात ते तुम्हाला, परक्याला, काय ठाऊक? आणि हिने बापालाही फसवलंच की. ऑथेल्लो या राज्याचा सेनापती आहे, पण या समाजात पाहुणा. वर्ण वेगळा, वय उतरणीला लागलेलं. घाव नेमका तिथे बसतो.

डोकं दुखतं म्हणतो म्हणून डेस्डिमोना कपाळाला रुमाल बांधायला जाते, तो झिडकारतो, रुमाल पडतो. एमिलिया उचलते. नवऱ्याने कितीदा मागितला होता! देऊन टाकते. तो रुमाल कॅसियोच्या खोलीत जाऊन पडतो. रुमालापायी एवढी शोकांतिका, म्हणून टॉमस रायमरने १६९३ मध्ये शेक्सपिअरची टर उडवली होती. मला ती टर पटत नाही. संशयाला मोठा पुरावा कधीच लागत नाही.

इथे हिशोब मांडून बघा. कॅसियो वेगळ्या जहाजाने आला, आणि बेटावर आल्यापासूनची एकच रात्र गेली. तीही मारामारीत आणि जागरणात. व्यभिचाराला वेळच नव्हता. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनने या नाटकात दोन घड्याळं चालतात असं दाखवलं: एक तासांचं, एक आठवड्यांचं. प्रेक्षागृहात ते जाणवत नाही. ऑथेल्लोला मात्र बोटांवर मोजता आलं असतं. दुपारच्या आत तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो आणि कॅसियोला तीन दिवसांत संपवायचं काम इयागोवर टाकतो.

दुपार

रुमाल कुठे पडला असेल, असं डेस्डिमोना विचारते. एमिलिया म्हणते, ठाऊक नाही. पाठोपाठ ऑथेल्लो येतो, रुमाल दाखव म्हणून आरडाओरडा करतो. एमिलिया शेजारी उभी, तोंड मिटून. सगळ्या नाटकात मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा ही. ती दुष्ट नाही. नवऱ्याची गोष्ट मालकिणीला सांगायची नाही, एवढं बायकोपण तिच्या अंगात मुरलं आहे.

मराठीत गो. ब. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि पुढे १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेला ‘संशयकल्लोळ’ही त्यांचाच. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे. पण तिथली बायको, कृत्तिका, नवऱ्याला, फाल्गुनरावाला, तोंडावर जाब विचारते, घर डोक्यावर घेते. म्हणून ते हसण्यावारी जातं.

दुपार कलताना

कॅसियो आपल्या मैत्रिणीबद्दल, बियांकाबद्दल, हसत बोलतो. आडोशाला उभा ऑथेल्लो ते डेस्डिमोनाबद्दल समजतो. व्हेनिसहून लोडोविको पत्र घेऊन येतो: ऑथेल्लोने परतावं, कारभार कॅसियोकडे द्यावा. डेस्डिमोनाला आनंद होतो, आणि सर्वांदेखत तिच्या तोंडात बसते. लोडोविको माहेरचा माणूस. तो थक्क होतो, तिची समजूत काढायला सांगतो, आणि नंतर त्याच घरात जेवायला बसतो.

संध्याकाळ

मग ऑथेल्लो एमिलियाला खरंच विचारतो. दोघांचं काही वावगं पाहिलंस? कुजबुजताना? तुला कधी बाहेर काढलं? नाही, नाही, कधीच नाही. ती तर पैज म्हणून जीव लावायला तयार. प्रत्यक्ष साक्षीदार, स्वच्छ साक्ष. ऑथेल्लो ती फेटाळतो: कुठलीही कुंटीण एवढं बोलणारच. इयागोकडे तो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो आणि गोष्टींवर समाधान मानतो. एमिलियाने पाहिलेलं सांगितलं, तर ती कुंटीण. डेस्डिमोना मदतीसाठी गुडघे टेकते तेही इयागोपुढेच.

जेवणानंतर

लग्नातल्या चादरी अंथरल्या आहेत. एमिलिया केस सोडवता सोडवता बोलते: बायकांनाही जीभ आहे, चव आहे, राग आहे; आम्ही वाईट वागलो तर ते नवऱ्यांकडूनच शिकतो. ऐकायला फक्त डेस्डिमोना आहे.

रात्री १२ ते १

कॅसियोवर हल्ला, रोडेरिगोचा खून. इयागो लगेच बियांकाकडे बोट दाखवतो, आणि एमिलियाही तिला शिव्या घालते.

शयनगृहात ऑथेल्लो जीव घ्यायला आला आहे. डेस्डिमोना अर्धा तास मागते. मिळत नाही. एमिलिया दार ठोठावते आहे. मरता मरता डेस्डिमोना दोष स्वतःवर घेते.

मग एमिलिया तोंड उघडते. इयागो घरी जा म्हणून फर्मावतो. नवऱ्याचं ऐकणं योग्य, पण आत्ता नाही, असं ती भर पुरुषांत सांगते आणि रुमालाची हकीकत बाहेर काढते. दोन-चार वाक्यांत सगळं कारस्थान ढासळतं. इयागो तिला भोसकून पळतो. पकडून आणल्यावर तो पुढे एक शब्द बोलणार नाही असं जाहीर करतो. ऑथेल्लो स्वतःला संपवतो.

पहाटेपूर्वी

लोडोविको हुकूम सोडतो. ऑथेल्लोची मालमत्ता डेस्डिमोनाचा काका ग्रेशियानो याच्याकडे. इयागोच्या शिक्षेचा अधिकार नवा सुभेदार कॅसियो याला. तो स्वतः व्हेनिसला जाऊन राजसभेला अहवाल देणार. ज्या बाईच्या साक्षीने गुन्हा उघडकीला आला, तिचं नाव या हुकमात नाही.