एकाच देवाची दोन गाणी

या मालिकेत आपण सहसा लढाया, तह आणि राजघराणी यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र विषय आहे संगीताचा, आणि तेही ब्लॅक मेटल या अतिशय कर्कश समजल्या जाणाऱ्या संगीताचा. घाबरू नका, मी ते वाजवणार नाही, फक्त त्याबद्दल बोलणार आहे. कारण या गोंगाटात इतिहासाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: पूर्वजांचा वारसा सांगायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

१९९१ साली नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हाउगेसुंदच्या परिसरात दोन मुलांनी एक बँड काढला. ईवार ब्यॉर्नसन तेरा वर्षांचा होता आणि ग्रुटले शेल्सन सतरा वर्षांचा. बँडचं नाव एन्स्लेव्ड. १९९२ च्या त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात एक गाणं होतं ‘हाइमदाल्लर’. हाइमदाल हा नॉर्स पुराणांतला देवांचा पहारेकरी. तो इंद्रधनुष्याच्या पुलाशी उभा असतो. त्याचे कान इतके तीक्ष्ण, की गवत उगवताना आणि मेंढीच्या अंगावर लोकर वाढताना त्याला ऐकू येते. जगाचा शेवट जवळ आला की शिंग फुंकायचं, हे त्याचं काम.

हेच गाणं १९९४ च्या ‘विकिंगलिगर वेल्दी’ या पहिल्या पूर्ण अल्बमवरही आलं. तो अल्बम आज ऐकला तर काय कानावर पडतं? गिटारच्या तारेवर अतिवेगाने एकच सूर घासत ठेवलेला, त्यामागे न थांबणारा ड्रम, आणि या सगळ्याच्या वर घसा फाडून काढलेला आवाज. गाणी लांबलचक, दहा-दहा मिनिटांची. त्यांची भाषा मुख्यतः आइसलँडिक. मुलं नॉर्वेची, मग आइसलँडिक का? कारण ही भाषा जुन्या नॉर्स भाषेच्या फार जवळ राहिली. आपण ज्ञानेश्वरी वाचताना शब्दार्थ शेजारी घेऊन बसतो. आइसलँडचा माणूस मात्र तेराव्या शतकातला मजकूर त्यामानाने सहज वाचतो. या मुलांना पूर्वजांचा आवाज हवा होता, आणि तो त्यांना त्या भाषेत सापडला.

आता थोडं अंधाऱ्या बाजूकडे वळू. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फांतोफ्त इथलं लाकडी चर्च जाळण्यात आलं. मूळ वास्तू बाराव्या शतकातली. पुढे आणखी चर्चेस पेटली. १० ऑगस्ट १९९३ रोजी ऑस्लोमध्ये युरोनिमस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारवादकाचा खून झाला, आणि तो त्याच वर्तुळातल्या दुसऱ्या एका संगीतकाराने केला. युरोनिमसच्याच कंपनीकडून एन्स्लेव्डचा पहिला अल्बम यायचा होता. तो त्याच्या मृत्यूनंतर आला.

आग लावणाऱ्यांतल्या काहींचा दावा असा, की ख्रिस्ती धर्माने आमचे देव हिरावले, त्याचा हा सूड. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावं. हाइमदालच्या कानांची ती गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? साधारण १२२० च्या सुमारास आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसनने ती लिहून ठेवली म्हणून. आणि स्नोरी ख्रिस्ती होता. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं उलटली होती. त्या लाकडी चर्चेसच्या छपरांच्या टोकांना पाहा, तिथे कोरलेली ड्रॅगनची तोंडं दिसतात. म्हणजे ज्यांना शुद्ध वारसा हवा होता त्यांनी जाळली ती वास्तू दोन्ही वारसे एकत्र सांभाळून उभी होती.

एन्स्लेव्ड या हिंसेपासून दूर राहिले. त्यांनी पुराणं धरून ठेवली आणि संगीत मात्र मोकळं सोडलं. १९९७ च्या ‘एल्द’ची सुरुवातच सोळा मिनिटांच्या गाण्याने होते, ७९३ सालच्या लिंडिस्फार्नवरील हल्ल्याच्या. २००३ च्या ‘बिलो द लाइट्स’मध्ये बासरी आली, मेलोट्रॉन आला. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीमागे ध्वनिफितीचा तुकडा असलेलं, सत्तरीच्या दशकातल्या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉकचं लाडकं वाद्य. २००४ च्या ‘इसा’पासून हेर्ब्रांद लार्सेनचा स्वच्छ, गाता आवाज शेल्सनच्या खरखरीत आवाजाशेजारी उभा राहिला.

खरं सांगतो, मला तेव्हा ते रुचलं नव्हतं. मी पहिल्या अल्बमांच्या प्रेमात होतो. ‘बिघडले हे लोक’ असं म्हणून मी त्यांना ऐकायचं सोडून दिलं. आज लक्षात येतं, की मीही शुद्धतेचाच आग्रह धरत होतो. माझ्या आग्रहाने काही जळलं नाही एवढंच. पण माझा कान बंद झाला, आणि काही वर्षांचं चांगलं संगीत मला उशिरा भेटलं.

२०१४ साली नॉर्वेच्या राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने ब्यॉर्नसन आणि वार्द्रुना या बँडचा आइनार सेल्विक यांना ‘स्कुग्स्या’ ही रचना करायला सांगण्यात आलं. ज्या संगीताच्या नावाने वीस वर्षांपूर्वी देश हादरला होता, त्यातलाच एक जण आता देशाच्या सोहळ्यासाठी लिहीत होता.

मग ३ मार्च २०२३ रोजी एन्स्लेव्डचा सोळावा अल्बम आला. नाव ‘हाइमदाल’. तोच पहारेकरी, पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. सुरुवातीलाच खरंखुरं शिंग वाजतं. ‘कॉन्जेलिया’मध्ये एकच ठेका इतका वेळ घुमत राहतो, की त्याचीच गुंगी येते. ‘फॉरेस्ट ड्वेलर’ शांतपणे उमलतं आणि मध्येच जुनी वादळी गती पकडते. हाकॉन विन्ये आणि ड्रमवादक ईवर सानदॉय यांचे गाते आवाज शेल्सनच्या ओरडण्याला उत्तर देतात. शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं जड पावलांनी चालतं. तेरा वर्षांच्या मुलाला हे सुचलं नसतं. पण त्या मुलाने तेव्हा हाइमदालचा नाद धरला नसता, तर पन्नाशीकडे झुकलेल्या माणसालाही ते सुचलं नसतं.

तुम्हाला सवड असेल तेव्हा एक प्रयोग करा. आधी १९९४ चं ‘हाइमदाल्लर’ ऐका, लगेच २०२३ चं ‘हाइमदाल’ ऐका. आवडलंच पाहिजे असं नाही. पहिल्यातलं काय दुसऱ्यात टिकलंय, तेवढं शोधा. मला ते चौथ्यांदा ऐकताना सापडलं, आणि तेही कान थोडा उघडा ठेवला तेव्हा.

भेटूया पुढच्या भागात.