कोंडलेल्या वाऱ्याचा इतिहास

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० फूट उंच आहे. खालून मोटारीनें वर येणाऱ्या प्रवाशास तेथील गारवा तेव्हांच जाणवतो. परंतु इंजिनास मिळणारी हवा शेंकडा चारपांच हिश्शांनीं विरळ झालेली आहे, हें त्याच्या गांवींही नसतें. मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वराकडे चढावें तसतशी ही तूट आणखी वाढते. मोटारीस ती फारशी बाधत नाहीं. बाधते ती वीस हजार फुटांवर लढणाऱ्या विमानास, जेथें हवेची घनता निम्म्याहून थोडीच अधिक उरते. पेट्रोल वाटेल तितकें ओततां येतें. उणीव पडते ती तें जाळणाऱ्या हवेची.

या जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदी हवाई दलांत होते. त्या दलाकडे आलेल्या हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन असे, आणि त्या इंजिनाच्या पाठीशीं हवा दाबून आंत भरणारा पंखा, म्हणजेच सुपरचार्जर, फिरत असे. हाच पंखा साध्या मोटारीस लावावा, ही इच्छा जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. आणि तिच्यापायीं कितीक चांगलीं इंजिनें फुटलीं आहेत. घरांत मोटार आणि उत्साही चिरंजीव हीं दोन्ही असणाऱ्या वाचकांस हा इतिहास ठाऊक असावा, असें आम्हांस वाटतें.

मुळांत या यंत्राचा मोटारीशीं कांहींच संबंध नव्हता. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत रूट्स नांवाच्या दोघां भावांची लोकरीची गिरणी होती. तिच्या पाणचक्कीची सुधारणा करतां करतां, एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांची युक्ति त्यांस सांपडली व १८६० सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. पुढें ती भट्ट्यांस व खाणींस वारा पुरवूं लागली. इंजिनांत हवा कोंबण्याचें पेटंट गॉटलीब डाइमलर यानें १८८५ सालीं घेतलें; परंतु असला पंखा बसविलेली मर्सिडीज गाडी विक्रीस येण्यास १९२१ साल उजाडावें लागलें. १९२३ सालीं मोंझाच्या शर्यतींत फियाट जिंकली आणि मग पंख्यावांचून शर्यत नाहीं, असा ग्रह झाला.

या ग्रहाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील साडेचार लिटरची बेंटली. गाडी उत्तम, इंजिन पोलादासारखें टणक. सर हेन्री बर्किन या धाडसी शर्यतपटूनें अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स याच्याकडून रूट्स पद्धतीचा पंखा करवून तो इंजिनाच्या तोंडाशीं बसविला. इंजिनाचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यास हें मुळींच पसंत नव्हतें. सामर्थ्य वाढवावयाचें तर इंजिनच मोठें करावें, ही त्याची धारणा. १९३० सालच्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत बर्किननें प्रतिपक्षाच्या मर्सिडीजला सळो कीं पळो करून सोडलें खरें. पण पंख्याच्या दोन्ही बेंटली शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत, आणि जिंकली ती बिनपंख्याची साडेसहा लिटरची बेंटली! त्याच वर्षी पो येथें तोच बर्किन तसल्याच अवजड गाडींत दुसरा आला, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. छोट्या शर्यतींत जें निभावतें तें चोवीस तास निभावत नाहीं.

असें कां व्हावें? वातावरणाचा दाब चौरस इंचास पावणेपंधरा पौंडांच्या आसपास असतो. पंख्यानें त्यांत सहा पौंडांची भर घातली कीं हवा, उष्णतेची वजावट सोडल्यास, शेंकडा चाळीस अधिक भरते. पिस्टन, दांडा, बेअरिंगें हीं मात्र पूर्वींचींच राहतात. शिवाय दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचें तोंड हातास चटका देतें, तेंच येथेंही. अशी तापलेली हवा सिलिंडरांत पुन्हां दाबली गेली म्हणजे पेट्रोल शिस्तीनें जळत न जातां एकदम भडकतें, इंजिनांतून टकटक आवाज येतो, आणि त्याकडे कानाडोळा केल्यास पिस्टनास भोंक पडतें. म्हणून जाणता कारागीर पंखा आणण्यापूर्वीं जुन्या इंजिनाची प्रकृति तपासतो. मग सिलिंडरांतील दाबाचें प्रमाण उतरवितो, ठिणगी किंचित् उशिरां पाडतो, पेट्रोलाचा भाग वाढवितो, हवा थंड करण्याची सोय करतो, दाबाचा कांटा चालकाच्या डोळ्यांपुढें ठेवतो, आणि थोड्या पौंडांवर संतुष्ट राहतो. आमच्या मतें या शेवटच्या संतोषाचाच दुष्काळ फार.

मर्लिनची कथा हेंच दुसऱ्या बाजूनें सांगते. १९४० सालीं ब्रिटिश विमानांस ८७ ऐवजीं १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि त्याच इंजिनांतील जादा दाब सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेतां आला. म्हणजे धीर दिला तो पेट्रोलानें. तरीही हा दाब पांच मिनिटांपुरताच वापरावयाचा आणि उतरल्यावर वैमानिकानें तशी नोंद करावयाची, असा दंडक होता. कारण त्या नोंदीवरून इंजिनाची तपासणी होई. १९३८ सालीं रोल्स-रॉइसमध्यें आलेला स्टॅन्ली हूकर हा मूळचा गणिती. त्यानें पंख्याच्या वाटा व पातीं गणितानें सुधारलीं, आणि पुढील मर्लिनमध्यें एकामागें एक दोन पंखे बसविले, तेव्हां हवा थंड करणारी योजनाही जोडीला आली. ताकद वाढविण्याच्या प्रत्येक पायरीबरोबर रक्षणाची एक पायरी बांधली गेली, ती अशी.

हल्लीं तयार गाडीस असें यंत्र लावण्याचें साहित्य सहज विकत मिळतें. आपल्याकडे मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें. निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीचा तपशील विसंगत होईल असा फेरफार करण्यास तें मनाई करतें. घाटांतल्या वळणावर वाढलेल्या वेगास जुने ब्रेक पुरे पडतील काय, हा प्रश्न तर कायद्याच्याही आधींचा. मोखाड्याच्या रस्त्यावर माणसें भरून धांवणाऱ्या डिझेल जीपगाड्यांपैकीं पुष्कळांत जळक्या वायूच्या जोरावर फिरणारा असाच पंखा असतो. पण तो कारखान्यांतूनच, त्यास साजेसे पिस्टन व बेअरिंगें घेऊन आलेला असतो.